दोन पेडलांची गाडी

नागपूरला मिहानच्या बाजूला नव्या झालेल्या एका हॉटेलच्या हिरवळीवर जुन्या मोटारींचं प्रदर्शन होतं. माझ्या नवऱ्याला अशा गोष्टींची हौस, मला नाही. मी आपली त्याच्या मागून चालत होते. थंडीतला रविवार, ऊन कोवळं, आणि सगळीकडे पॉलिशचा गोडसर, तेलकट वास भरून राहिलेला. लग्नघरात दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या पक्वान्नांना येतो तसा. तिसऱ्या रांगेत मी थबकले. बाटलीसारखा हिरवा रंग, दुधी छत, समोर चकाकणारी दातेरी जाळी. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढा तडा. बाकी सगळं नवं केलं होतं. तडा तेवढा कसा राहिला कोण जाणे.

तिचा आत्ताचा मालक हौशी माणूस होता. भोवती जमलेल्यांना आनंदानं माहिती देत होता. त्या काळी या अमेरिकन गाड्या ऑटोमॅटिक यायच्या, त्यांना क्लच नसायचा, पण त्यांच्या गिअरबॉक्सचा काही भरवसा नसे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर मुळीच नसे, असं तो सांगत होता. "कुण्या शहाण्या माणसानं वेळेवर साधा गिअरबॉक्स बसवून टाकला," तो म्हणाला, "म्हणून ही आज तुमच्यापुढे उभी आहे."

मी खिडकीतून वाकून खाली पाहिलं. तीन पेडलं. तिन्हींवर नवं काळं रबर. मी जवळच्या झाडाला धरून उभी राहिले. नवऱ्याला वाटलं, मला ऊन लागलं.

तो शहाणा माणूस म्हणजे माझे बाबा. आणि त्या गाडीला मुळात दोनच पेडलं होती, म्हणूनच ती सिंधूआत्याची होती.

सिंधूआत्या बाबांची धाकटी बहीण. तिसऱ्या वर्षी आलेल्या तापात तिचा डावा पाय गेला. गेला म्हणजे होता, पण मांडीपासून खाली वेळूसारखा बारीक, आणि तिचं न ऐकणारा. त्याला ती लोखंडी पट्ट्यांचा बूट चढवायची, ज्याला घरात सगळे कॅलिपर म्हणत. फरशीवर तिचं चालणं दुरून ओळखू यायचं, आधी टक्, मग खर्र. संध्याकाळी ती बूट काढून ओसरीवर बसली, की घामेजल्या चामड्याचा आणि खोबरेल तेलाचा वास यायचा, आणि पायावर पट्ट्यांचे लाल वळ दिसायचे. मी ते वळ बोटांनी चोळून द्यायचे. त्या पायाची मला कधी किळस आली नाही. किळस कशाची येते, ते मी नंतर शिकले.

नरखेड तालुक्यात आमची संत्र्याची बाग होती. बाबांना शहरातलं आवडे, त्यांची नोकरी होती, मित्र होते. बाग आत्या पाहायची. ती शेतकीचं शिकलेली, आणि झाडाच्या पानाला हात लावून त्याला काय होतंय ते सांगणारी. पण नागपूरहून बागेत जायचं तर तिला कुणावर तरी अवलंबून राहावं लागे. मी प्राथमिक शाळेत असताना मिशनच्या दवाखान्यातल्या एक परदेशी डॉक्टरीणबाई कायमच्या मायदेशी निघाल्या. त्यांनीच आजोबांना सांगितलं, माझी गाडी सिंधूसाठी घ्या, हिच्यात डावा पाय लागत नाही. आजोबांनी घेतली.

ती गाडी आमच्या फाटकातून आत आली तेव्हाचा वास मला अजून येतो. तापलेल्या रेक्झिनचा, पेट्रोलचा आणि कसल्याशा गोड औषधाचा. स्टिअरिंगच्या खांबावर एक दांडी होती आणि तिच्यावर पाच इंग्रजी अक्षरं: पी, एन, डी, एल, आर. शाळेत ए-बी-सी-डी यायच्या आधी मला ही पाच अक्षरं पाठ झाली, आणि बराच काळ मला वाटे की इंग्रजीत तेवढीच आहेत. दांडी 'डी'वर ओढायची आणि उजव्या पायानं चालवायचं, बस. आत्या पंधरा दिवसांत शिकली. पहिल्यांदा ती एकटी रस्त्यावर गेली आणि वळून परत आली, तेव्हा आजोबा फाटकात उभे होते. धोतराचा सोगा डोळ्यांना लावून आत निघून गेले.

बाबांना मात्र ती गाडी कधी जमली नाही. त्यांच्या डाव्या पायाला क्लचची सवय. त्यांनी पहिल्याच दिवशी क्लच समजून ब्रेकचं रुंद पेडल डाव्या पायानं दाणकन दाबलं. गाडी जागच्या जागी थांबली, आजोबांचं कपाळ काचेवर आपटलं. कोपऱ्यातला तडा तेव्हाचा. आजोबा हसले, आत्या हसली, मीही हसले. बाबा हसले नाहीत. खाली उतरून म्हणाले, "हिले गिअर नाही, क्लच नाही. ही गाडी आहे का पाळणा?" त्यानंतर घरात कुणी पाहुणा आला की ते त्या गाडीला पाळणाच म्हणायचे, आणि पाहुणे आत्याकडे बघून हसायचे. ते हसणं मला अजून ओळखता येतं. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे पायाकडे.

आजोबा दोन-तीन वर्षांनी गेले. आत्या दर आठवड्याला काटोल रोडनं बागेत जात राहिली. रविवार असला की मी तिच्या शेजारी. कळमेश्वरच्या पुढे एका लिंबाच्या सावलीत ती हमखास गाडी थांबवायची. इंजिन चालूच ठेवायची आणि मला पट्टी ओढून आणायला सांगायची. ती लांब पोलादी पट्टी बॉक्समधलं तेल मोजायची. तेल लाल असायचं, डाळिंबाच्या दाण्याच्या रसासारखं स्वच्छ. आत्या ते बोटावर घेई, नाकाशी नेई आणि मला हुंगायला लावी. तिनं मला सांगितलं होतं की या गाडीत सगळं काम हे तेलच करतं. आत एक पंखा ते तेल फिरवतो, ते फिरणारं तेल दुसऱ्या पंख्याला ढकलतं, आणि गाडी चालते. तेल स्वच्छ ठेवलं, वेळेवर भरलं, उन्हात गाडीला थोडा दम खाऊ दिला, तर हा बॉक्स माणसापेक्षा जास्त टिकेल. जुना असल्यानं तो थोडा गळायचा. म्हणून मुंबईहून लाल तेलाचे डबे यायचे, आणि ती ते बागेतल्या औषधांच्या कपाटात कुलूप लावून ठेवायची.

सहा-सात वर्षं त्या बॉक्सनं आम्हाला एकदाही रस्त्यावर टाकलं नाही. हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. मे महिन्याच्या धगीत, पावसाळ्यातल्या चिकट काळ्या मातीत, आंबिया बहाराच्या दिवसांत, जेव्हा काटोलच्या अलीकडूनच हवेत फुलांचा वास सुरू व्हायचा आणि आत्या काच खाली करून श्वास ओढून घ्यायची. गाडी पुढे जायची तेव्हा मध्येच एकदा हलकेच श्वास सोडल्यासारखी व्हायची आणि दुसऱ्या गतीत जायची. त्या क्षणी आत्याच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी इतर कुठल्या कारणानं तिच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही.

मी मॅट्रिक झाले त्या उन्हाळ्यात आत्या आठ दिवस तापानं पडली होती. बाबांनी गाडी मदन मिस्त्रीकडे नेली, चाकांना ग्रीस करायला. मी बरोबर होते. त्या गॅरेजची जमीन काळी, चिकट, चपला उचलताना चुकचुक वाजणारी. मिस्त्रीच्या तोंडात तंबाखूचा खर्रा. कोपऱ्यातल्या वाळूच्या डब्यात तो थुंकायचा, आणि थुंकी डब्यात पडायची नाही. त्यानं बॉक्सची पट्टी काढली, तेल कमी आहे म्हणाला. मी म्हटलं, याला लाल तेल लागतं, आत्याच्या कपाटात आहे. तो हसला. "बाई, तेल ते तेल. गाडीले का समजते?" असं म्हणून त्यानं फळीवरचा ब्रेक ऑइलचा डबा उचलला आणि नळकांड्यातून ओतला. वर बोटं सीटला पुसली. बाबा पाहत होते. मी पुन्हा एकदा म्हटलं. बाबांनी मला गप्प बसायला सांगितलं, आणि मी गप्प बसले. घरी येऊनही गप्पच राहिले. त्यांनी मुद्दाम केलं का, हे मी पुढे पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं. मला वाटतं, मुद्दाम नव्हतं. त्यांना फक्त पर्वा नव्हती. ते जास्त वाईट.

पंधरा दिवसांनी काटोलच्या पुढे, भर दुपारी, इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मंदावत गेली. आत्यानं पाय दाबला तसं ओरडणं वाढलं, गाडी मात्र जागची हलेना. खालून जळका धूर आला. आत्या उतरली, कॅलिपर खरडत समोर गेली, पट्टी काढली. पट्टीवर तपकिरी, फेसाळलेलं काहीतरी होतं. तिनं ते हुंगलं आणि पट्टी माझ्यापुढे धरली. जळलेलं रबर, आणि त्याच्या खाली एरंडेलासारखा आंबूस, तीक्ष्ण वास.

"हे ब्रेकचं तेल आहे," आत्या म्हणाली. "कोणं टाकलं वं?"

मी सांगितलं. उन्हात तिचा चेहरा आधीच लाल होता, आणखी काही बदलला नाही. ती एवढंच म्हणाली की आतल्या रबराच्या चकत्या आता फुगून पिठासारख्या झाल्या असतील. एका ट्रॅक्टरला दोर बांधून आम्ही काटोलपर्यंत आलो. लोक कडेला उभे राहून बघत होते. बाईनं गाडी चालवली की असंच होणार, असं कुणीतरी म्हणालं, आणि त्यावर कुणीतरी थुंकलं.

घरी बाबांनी सगळ्यांना सांगितलं, बॉक्स गेला, हे ऑटोमॅटिक काम मुळातच कच्चं. आत्या म्हणाली बॉक्स पक्का आहे, तेल चुकीचं होतं. बाबा म्हणाले, तेच ते. तिनं परदेशात डॉक्टरीणबाईंना पत्र लिहिलं की त्या रबराच्या चकत्या तिकडे मिळतील का. आणि पार्सलची वाट पाहत एसटीनं बागेत जायला लागली.

एसटीच्या पायऱ्या उंच. तिचा बूट पहिल्या पायरीवर चढायचा नाही. मग मागून कुणीतरी ढकलायचं, वरून कुणीतरी दंडाला धरून ओढायचं, पोतं चढवल्यासारखं. कुणाचे हात कुठे लागायचे, ते ती सांगत नसे. संध्याकाळी घरी आली की आधी साबण लावून दंड धुवायची. मी दोनदा तिच्याबरोबर गेले, तिसऱ्यांदा परीक्षेचं कारण सांगितलं. परीक्षा नव्हती. तिला तसं चढताना पाहायची मला लाज वाटत होती, आणि तिच्याबरोबर मला कुणी पाहील याची त्याहून जास्त.

दिवाळीनंतर आत्या पायाच्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेली, दोन महिन्यांसाठी. जाताना सांगून गेली की जानेवारीच्या मध्यापर्यंत परत येते, तोवर झाडांना पाणी द्यायचं नाही. आंबिया बहारासाठी झाडं तहानलेली ठेवावी लागतात. याला ताण देणं म्हणतात. ताण कुठल्या दिवशी तोडायचा हे फक्त ती ठरवायची.

डिसेंबरमध्ये पार्सल आलं. पोस्टमननं माझी सही घेतली. बुटाच्या खोक्याएवढं, तपकिरी कागदात, वर परदेशी तिकिटं, आणि नव्या रबराचा इतका स्वच्छ वास की मी ते छातीशी धरून आत नेलं. बाबांनी ते हातात घेतलं, हलवून पाहिलं आणि माडीवरच्या ट्रंकेमागे सरकवून दिलं. मग मला समोर बसवलं. मदन मिस्त्री गाडीला जीपचा गिअरबॉक्स बसवून द्यायला तयार आहे, असं त्यांनी सांगितलं. मजबूत काम, पुन्हा कधी झंझट नाही. आत्याला आत्ता काही कळवू नको, आल्यावर तिला दाखवू.

"तुले गाडी शिकायची आहे ना?" ते म्हणाले. "मीच शिकवतो तुले."

मी आत्याला आठवड्याला एक पत्र लिहीत होते. त्या आठवड्यातल्या पत्रात मी थंडीबद्दल लिहिलं, शेजारच्या मांजरीला पिल्लं झाल्याचं लिहिलं. पार्सलबद्दल लिहिलं नाही. त्याच्या पुढच्या पत्रातही नाही.

आणि मी गाडी शिकले. हे सांगताना माझ्या जिभेवर आजही बुरशी आल्यासारखं होतं, पण सांगायला हवं: मला फार आनंद झाला. क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, हळूच सोडायचा. सकाळच्या धुक्यात रिकाम्या रस्त्यावर बाबा माझ्या शेजारी बसून, कधी नव्हे ते कौतुकानं बोलत होते. माझा डावा पाय छान काम करत होता. तिथं खाली, मिस्त्रीनं पत्रा कापून बसवलेल्या त्या तिसऱ्या पेडलावर.

आत्या जानेवारीत परत आली, कुबडी घेऊन, वाळलेली, पण खुशीत. बाबांनी सांगितलं, गाडी तयार आहे. ती चहासुद्धा न पिता अंगणात गेली. दार उघडलं, आधी बसली, मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घेतला, आणि खाली पाहिलं. ती किती वेळ खाली पाहत होती, मला माहीत नाही. अंगणात धुणं वाळत होतं. बाबा गिअरबॉक्स किती मजबूत आहे ते सांगत होते.

"दादा," ती म्हणाली, "हे कोणासाठी केलं?"

बाबा म्हणाले, घरासाठी. तुले ड्रायव्हर ठेवून देऊ. मी तुले सोडत जाईन. ही पोरगी पण आता चालवते, पाहा.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ओळखते ती नजर. मिस्त्रीच्या तेलाकडे तिनं तसंच पाहिलं होतं. मग पाय उचलून बाहेर ठेवला, उतरली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं ती बागेत पोचली, तर बाबांच्या सांगण्यावरून पाणी आठ दिवस आधीच सोडलेलं होतं. त्या वर्षी फुलं आली, पण विरळ. काटोलच्या अलीकडे हवेला वासच नव्हता.

ती भांडली नाही. त्याच उन्हाळ्यात तिनं घर सोडलं. नंदनवनात, तेव्हा तिथं मोकळे प्लॉट पुष्कळ होते, एका मैत्रिणीच्या जागेत दोन खोल्या आणि मागे कलमांची रोपवाटिका असं सुरू केलं. मोपेडला वेल्डिंगवाल्याकडून मागे दोन छोटी चाकं लावून घेतली. मोपेडला क्लच नसतो. नागपूरभर ती त्या चार चाकांवर फिरायची, पुढच्या टोपलीत कलमं. लोक तिथंही हसत असतील. बाग बाबांच्या हातात आली आणि काही वर्षांत राहिली नाही. गाडी त्याच्याही आधी विकली गेली.

मी गप्पच होते, कॉलेजभर, लग्न झालं तरी. कधीतरी नंदनवनात जायचे, रोपं घेऊन यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे. बाबा वारले त्या वर्षी, तेराव्यानंतर, माडी आवरताना ट्रंकेमागे ते पार्सल सापडलं. कागद उंदरांनी कुरतडलेला. आत रबराच्या चकत्या वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या, काळ्या, लिबलिबीत. हात लावला तर बोटांना लागलं आणि साबणानं निघेना.

मी तसेच हात घेऊन आत्याकडे गेले. ती मागे जंबेरी लिंबाच्या खुंटांवर संत्र्याचे डोळे बांधत होती. चाकूनं साल उचलायची, आत डोळा सरकवायची, पट्टी गुंडाळायची. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सही माझी होती. पत्रं मी लिहीत होते. लिहिलं नाही.

तिनं हातातलं कलम पुरं केलं.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं होतं मुंबईले. पार्सल पाठवलं म्हणून. मी तिथं पडल्या पडल्या तुह्या पत्राची वाट पाहून राहिली होती."

मी रडायला लागले. तिनं रडू दिलं. मग कुबडी घेऊन आत गेली, चहा ठेवला, मला कप दिला, समोर बसली. मी कसंबसं बोलायला तोंड उघडलं, आणि मी काय म्हणणार ते तिला आधीच कळलं असावं.

"लहान होती असं तेवढं म्हणू नको वं," ती म्हणाली. "सतरा वर्षांची होती तू."

मी चहा संपवला, कप धुऊन ठेवला. त्यानंतरही, ती होती तोवर, मी तिच्याकडे जात राहिले आणि तिनं मला कधी परत पाठवलं नाही. पण माझ्या गाडीत बसायला मात्र ती एकदाही आली नाही. पाऊस असो, ऊन असो, स्वतःच्या मोपेडवर पुढे निघायची, आणि मी मागून हळूहळू, क्लच दाबत, सोडत.

हिरवळीवर नवऱ्यानं विचारलं, बरं वाटतंय का, तुझी कोण लागते ती गाडी, इतकं काय बघतेस. बाबांचं नाव मी घेतलं नाही. पार्सलचं सांगितलं. त्यानं खूप वेळ ऐकून घेतलं, आणि मग चांगल्या माणसासारखं माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "अगं, तू तेव्हा लहान होतीस."

मी हात काढून घेतला.